संस्थेचे सामाईक फोल्डर : गटरचना, अधिकार आणि मराठी फाइलनामे

भाषासंस्थांचे बहुतेक काम आता संगणकावर होते. कोशाच्या नोंदी, वार्षिकाचे लेख, व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे, ग्रंथालयाची सूची, अनुदानाचा पत्रव्यवहार हे सारे फाइलींच्या रूपाने साठते. मात्र या फाइली संस्थेच्या असूनही बहुधा व्यक्तींच्या ताब्यात असतात. एक कोशनोंद संपादकांच्या लॅपटॉपवर, तिची दुरुस्त प्रत टंकलेखकाच्या संगणकावर आणि तिसरी प्रत कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर असते. व्यक्ती निवृत्त झाली, बदलून गेली किंवा तिचा संगणक बिघडला की काम थांबते. अनेकदा संस्थेकडे नेमके काय होते हेसुद्धा सांगता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे संगणकजाळ्यातील सामाईक फोल्डर. तो तयार करणे अवघड नाही. तांत्रिक कृती अर्ध्या तासाची आहे. अवघड आहे ते त्याआधीचे ठरवणे : कोणी काय वाचावे, कोणी काय लिहावे आणि कोणाला काय पुसता यावे. हा निर्णय संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचा नव्हे, संस्थेचा आहे. म्हणून या लेखात तंत्र आणि निर्णय या दोन्ही बाजू बरोबरीने मांडल्या आहेत. पाच ते पंचवीस माणसांचे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. 'सामाईक' म्हणजे काय?

इंग्रजीतील 'शेअर' या क्रियापदासाठी मराठीत 'वाटणे' हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु वाटल्याने वस्तूचे तुकडे होतात आणि प्रत्येकाकडे आपापला हिस्सा जातो. फाइलींची 'वाटणी' झाली की प्रतीच प्रती होतात आणि खरी कोणती हे कळेनासे होते. येथे अभिप्रेत आहे तो अर्थ 'सामाईक' या शब्दात आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक क्षेत्र हे आपल्या जमीनव्यवहारातले जुने शब्द आहेत. वस्तू एकच, जागा एकच आणि तिच्यावर अनेकांचा हक्क. मात्र सामाईक याचा अर्थ बेवारशी असा होत नाही. सामाईक विहिरीवर कोणी कोणत्या दिवशी पाणी घ्यायचे हे ठरलेले असते. ते ठरलेले नसेल तर भांडण ठरलेले असते.

सामाईक फोल्डरचेही तसेच. फाइल एकाच संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. बाकीचे संगणक जाळ्यातून तीच फाइल उघडतात. प्रत्येक वापरकर्ता स्वतःच्या नावाने आणि परवलीच्या शब्दाने ओळख देतो, आणि सर्व्हर त्या ओळखीवरून त्याचे अधिकार ठरवतो. ओळख, गट आणि अधिकार या तीन पायऱ्या नीट समजल्या की उरलेले सर्व सोपे आहे.

२. अधिकार माणसाला नव्हे, कामाला

नवख्या प्रशासकाचा पहिला कल असतो तो व्यक्तीच्या नावाने अधिकार देण्याचा. कोशाच्या फोल्डरवर अमुक दोघांना लेखन, तमुक तिघांना वाचन. पाच फोल्डर आणि आठ माणसे असली तर चाळीस जोड्यांचा विचार करावा लागतो. एक माणूस बदलला की प्रत्येक फोल्डर उघडून पाहावा लागतो आणि एखादा हमखास राहून जातो.

विंडोजमध्ये याचा एक दृश्य परिणामही दिसतो. व्यक्तीच्या नावाने अधिकार दिलेले असताना तिचे खाते पुसले, तर अधिकारांच्या यादीत नावाऐवजी 'एस-१-५' अशा अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक उरतो. तो कोणाचा होता हे काही वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. त्याच नावाचे नवे खाते काढले तरी जुने अधिकार परत येत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी ओळख क्रमांकाची असते, नावाची नव्हे.

गट हा यावरचा तोडगा आहे. अधिकार गटाला द्यायचे आणि माणूस गटात घालायचा किंवा काढायचा. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स या प्रणालीत १९७०च्या दशकातच प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा तीन पातळ्या होत्या. आजच्या लिनक्सचा पायाही तोच आहे.

गटांची नावे व्यक्तींवरून किंवा हुद्द्यांवरून न ठेवता कामांवरून ठेवावीत. 'सहसंपादक' हा हुद्दा आहे. 'कोश-लेखन' हे काम आहे. हुद्दा एकाला मिळतो, पण काम रजेच्या काळात दुसऱ्यालाही करावे लागते. कामाच्या नावाचा गट असला की त्या काळापुरते दुसऱ्या व्यक्तीला गटात घालता येते आणि नंतर काढता येते. फोल्डरला हातही लावावा लागत नाही.

कार्यालयीन कामाला आपल्या भाषेत नेमके नाव देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला आणि बडोदे संस्थानाने १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा शासकीय शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध केला. त्याच रीतीने फोल्डर आणि गट यांना मराठी नावे देण्यास हरकत नाही. विंडोजमध्ये देवनागरी नावाचे गट चालतात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत मात्र खाती आणि गट यांची नावे लहान रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात. तेथे रोमन नाव आणि त्याचा मराठी अर्थ यांची जोडी नोंदवहीत लिहून ठेवावी.

३. आधी कागदावर

संगणकाला हात लावण्यापूर्वी एक तक्ता काढावा. डाव्या बाजूस फोल्डर, वरच्या ओळीत गट आणि चौकटीत अधिकार. उदाहरणासाठी, कोश आणि वार्षिक अशी दोन मुख्य कामे करणाऱ्या संस्थेचा तक्ता पुढीलप्रमाणे होईल.

कोश : कोश-लेखन गटाला बदल करण्याचा अधिकार, वार्षिक-संपादन गटाला केवळ वाचन, लेखा गटाला प्रवेश नाही.
वार्षिक, मसुदा : वार्षिक-संपादन गटाला बदल, कोश-लेखन गटाला प्रवेश नाही.
वार्षिक, अंतिम : सर्व कर्मचाऱ्यांना वाचन, बदल केवळ वार्षिक-प्रमुख गटाला.
लेखा : लेखा गटाला बदल, कार्यवाह गटाला वाचन, इतरांना फोल्डर दिसण्याचीही गरज नाही.
नमुने आणि परिपत्रके : सर्वांना वाचन, बदल कार्यालय गटाला.

या तक्त्यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, 'वाचन' हा दुय्यम किंवा अपमानास्पद अधिकार नाही. अंतिम प्रत कार्यवाहांनाही बदलता येत नसेल, तर त्यात अविश्वास नसून प्रतीचे संरक्षण आहे. चुकून दाबलेली कळ हुद्दा पाहत नाही. दुसरी, फोल्डरची खोली दोन किंवा तीन पातळ्यांपेक्षा जास्त नसावी आणि वेगळे अधिकार शक्यतो वरच्या दोन पातळ्यांवरच द्यावेत. पाचव्या पातळीवरील एखाद्या फोल्डरला दिलेला अपवाद वर्षभरात विस्मरणात जातो.

हा तक्ता संस्थेच्या बैठकीत मान्य करून घ्यावा आणि त्यावर तारीख घालावी. पुढे 'मला हा फोल्डर का दिसत नाही' असा प्रश्न आला तर उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, तक्त्याने द्यायचे असते.

४. विंडोजवरील रचना

कार्यालय छोटे असेल तर स्वतंत्र सर्व्हर प्रणालीची गरज नसते. विंडोज १० किंवा ११ असलेला एखादा चांगला संगणक सर्व्हर म्हणून वापरता येतो. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त वीस उपकरणांना जोडणी मिळते. मात्र 'होम' आवृत्ती घेऊ नये, कारण तिच्यात गट सांभाळण्याचा पडदाच नसतो. 'प्रो' आवृत्ती असावी. या संगणकावर कोणी रोजचे टंकलेखन करू नये आणि तो वीज जाण्यापासून सुरक्षित असावा.

कृतीचा क्रम असा ठेवावा.

पहिली पायरी : प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र खाते. 'कार्यालय' नावाचे एकच खाते आणि भिंतीवर चिकटवलेला परवलीचा शब्द ही पद्धत सोडून द्यावी. एकाच खात्याने सगळे आले तर गटांना अर्थ उरत नाही आणि बदल कोणी केला हे कळत नाही.

दुसरी पायरी : तक्त्याप्रमाणे गट तयार करून खाती त्यांत घालणे. एक माणूस अनेक गटांत असू शकतो. गटातील बदल त्या माणसाने पुन्हा लॉग-इन केल्यावर लागू होतो. त्यामुळे 'गटात घातले तरी उघडत नाही' अशी तक्रार आली तर आधी संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत येण्यास सांगावे.

तिसरी पायरी : प्रणालीच्या डिस्कवर नव्हे, वेगळ्या डिस्कवर एक मुख्य फोल्डर करणे. त्याला 'दप्तर' असे नाव देऊ. त्याच्या आत तक्त्यातील फोल्डर.

चौथी पायरी : केवळ 'दप्तर' हाच फोल्डर सामाईक करणे. येथे विंडोजची एक गोम समजून घ्यावी लागते. अधिकारांच्या दोन चाळण्या असतात. एक, जाळ्यावरून येताना लागणारी 'शेअरिंग'ची चाळणी. तिच्यात वाचन, बदल आणि पूर्ण नियंत्रण असे तीनच प्रकार आहेत. दुसरी, डिस्कवरील 'सिक्युरिटी'ची चाळणी. ती बारीक आहे आणि त्या संगणकावर प्रत्यक्ष बसणाऱ्यालाही लागू होते. दोन्हींतून मिळणाऱ्या अधिकारांपैकी जो अधिक कडक, तोच प्रत्यक्षात मिळतो. दोन्हीकडे बारकावे भरत बसले तर गोंधळ होतो. म्हणून शेअरिंगमध्ये ओळख दिलेल्या सर्व वापरकर्त्यांना 'बदल' एवढा अधिकार द्यावा आणि खरी गाळणी सिक्युरिटीमध्ये करावी. 'एव्हरीवन' हा गट यादीत असेल तर काढून टाकावा.

पाचवी पायरी : 'दप्तर' या फोल्डरवर सर्वांना वाचन, तेही 'फक्त हा फोल्डर' या मर्यादेने. त्यामुळे मुख्य पातळीवर कोणालाही 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २' असा पसारा मांडता येत नाही.

सहावी पायरी : आतील प्रत्येक फोल्डरवर वरून येणारा वारसा तोडून तक्त्यातील गटांना अधिकार देणे. प्रशासक आणि प्रणाली यांचे पूर्ण नियंत्रण कायम ठेवावे. काम करणाऱ्या गटाला 'मॉडिफाय' पुरेसे असते. 'फुल कंट्रोल' दिले तर तो गट अधिकारच बदलू शकतो, आणि मग तक्ता निरर्थक होतो.

'डिनाय' म्हणजे नकाराच्या चौकटी शक्यतो वापरू नयेत. एकाच पातळीवर दिलेला नकार परवानगीवर मात करतो. एक माणूस दोन गटांत असेल आणि त्यांपैकी एका गटाला नकार दिलेला असेल, तर त्याचे दुसऱ्या गटातील काम अडते आणि कारण पटकन सापडत नाही. ज्याला द्यायचे नाही त्याला गटात घालू नये, एवढे पुरते.

सातवी पायरी : पडताळणी. प्रत्येक गटासाठी एक चाचणी खाते घेऊन तक्त्यातील प्रत्येक चौकट प्रत्यक्ष करून पाहावी : फाइल उघडते का, जतन होते का, पुसता येते का. जेथे 'नाही' अपेक्षित आहे तेथे खरोखर 'नाही'च मिळते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. उघडत नसेल तर तक्रार येतेच. उघडू नये ते उघडत असेल तर कोणीही तक्रार करीत नाही.

५. लिनक्सवरील रचना

जुना संगणक, मोफत प्रणाली आणि थोडे शिकण्याची तयारी असेल तर लिनक्सचा सर्व्हर उत्तम चालतो. विंडोजच्या संगणकांना त्यातील फोल्डर दिसावेत यासाठी सांबा ही आज्ञावली वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकाच्या आरंभी तिचे काम सुरू केले. विंडोज ज्या संकेतपद्धतीने फाइली देते-घेते तिचे आद्याक्षरी नाव एस-एम-बी. ही तीन अक्षरे याच क्रमाने असणारा शब्द ट्रिजेल यांनी संगणकातील शब्दसूचीत शोधला आणि 'सांबा' हे नाव मिळाले. शब्दसूचीचा असाही उपयोग होतो.

लिनक्समध्ये अधिकार आकड्यांनी लिहितात. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि प्रवेशाचे किंवा चालवण्याचे १. बेरीज ७ म्हणजे सर्व अधिकार. ७७० याचा अर्थ मालकाला सर्व, गटाला सर्व, इतरांना काही नाही. फोल्डर सामाईक असेल तर याच्या आधी २ लावून २७७० करावे. या २ मुळे त्या फोल्डरात तयार होणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरच्या गटाची होते, निर्मात्याच्या स्वतःच्या गटाची नव्हे. हा एक आकडा विसरल्याने 'फाइल दिसते पण जतन होत नाही' ही तक्रार उद्भवते.

तीच तक्रार येण्याचे दुसरे कारण सांबाच्या मूळ मांडणीत आहे. नव्या फाइलींवर सांबा स्वतःचा एक मुखवटा लावतो. तो मुळात ०७४४ असा असतो, म्हणजे गटाला केवळ वाचन मिळते. गटाने एकत्र लिहायचे असेल तर फाइलींसाठी ०६६० आणि फोल्डरांसाठी २७७० असे मुखवटे ठरवून द्यावे लागतात.

लिनक्समधील आणखी एक नियम मुद्दाम लक्षात ठेवावा. फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या लेखनाधिकारावर अवलंबून असतो. फाइल 'केवळ वाचनीय' केली तरी फोल्डरात लिहू शकणारा ती पुसू शकतो. प्रत्येकाने आपलीच फाइल पुसावी असे हवे असेल तर पुढच्या आकड्यात १ मिळवावा, म्हणजे ३७७०. साध्या रचनेत एका फोल्डरला एकच गट देता येतो. तक्त्याप्रमाणे एका गटाला लेखन आणि दुसऱ्याला वाचन द्यायचे असेल तर विस्तारित अधिकारयादी वापरावी लागते. तीही लिनक्समध्ये उपलब्ध आहे.

६. मसुद्यापासून अंतिम प्रतीपर्यंत

एकच फाइल दोघांनी एका वेळी उघडली तर काय होते? वर्डसारखी आज्ञावली पहिल्या माणसाच्या नावाची एक लहानशी लपलेली फाइल तयार करते आणि दुसऱ्याला मूळ फाइल केवळ वाचनासाठी उघडते. दुसरा माणूस मग 'प्रत' असे नाव देऊन ती आपल्याकडे जतन करतो. 'लेख अंतिम', 'लेख अंतिम २', 'लेख खरोखर अंतिम' या फाइली अशाच जन्माला येतात.

यावर फोल्डरांची रचनाच उपाय ठरते. मसुदा, संपादन आणि अंतिम असे तीन फोल्डर ठेवावेत आणि फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात जाणे म्हणजेच काम एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, असा संकेत ठरवावा. तिन्ही फोल्डरांवर वेगवेगळ्या गटांना लेखनाधिकार असल्याने फाइल कोणाकडे आहे हे जागेवरूनच कळते. बाहेरच्या लेखकांचे साहित्य स्वीकारून आत टाकणाऱ्यांसाठी टपालपेटीसारखा एक फोल्डरही करता येतो : त्यात फाइल टाकता येते, पण आतले पाहता येत नाही.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. विंडोजमध्ये फाइलची प्रत केली तर ती नव्या फोल्डरचे अधिकार घेते. पण त्याच डिस्कवर फाइल नुसती हलवली तर ती जुने अधिकार बरोबर घेऊन जाऊ शकते. मसुद्यातून हलवलेला लेख 'अंतिम'मध्ये येऊनही मसुदा गटाला बदलता येत असेल, तर कारण हेच. म्हणून अंतिम फोल्डरात फाइल प्रत करूनच ठेवावी आणि मग मूळ फाइल काढावी.

७. मराठी फाइलनामांचे प्रश्न

गट आणि अधिकार बिनचूक असूनही फाइल सापडत नसेल तर सामाईक फोल्डरचा उपयोग नाही. देवनागरी फाइलनामे वापरणाऱ्या संस्थांना काही खास अडचणी येतात. त्यांची कारणे भाषेच्या अभ्यासकांनी जाणून घेण्याजोगी आहेत.

पहिली अडचण 'ऱ' ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मराठीला आवश्यक आहे. पण यांतील दुसरा शब्द संगणकात तीन प्रकारे साठवता येतो : युनिकोडमधील स्वतंत्र 'ऱ' घेऊन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कळफलक बदलला की यांतील प्रकार बदलू शकतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण विंडोज आणि लिनक्स यांच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे आहेत. त्यामुळे एकाच फोल्डरात डोळ्यांना एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात, आणि शोध घेतल्यास एकच सापडते. संस्थेतील सर्व संगणकांवर एकच कळफलक ठेवणे हा साधा उपाय आहे. फाइलनामात असा शब्द टाळता आला तर अधिक चांगले.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या प्रचलित डिस्करचनेत फाइलनामाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. युटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अशी ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. एकूण मर्यादा ८५ चिन्हांची. लेखाचे पूर्ण शीर्षक आणि लेखकाचे पूर्ण नाव एकत्र घातले की ती सहज संपते. विंडोजमध्ये मोजणी वेगळी आहे, पण तेथे फोल्डरांसह संपूर्ण मार्गाला अनेक आज्ञावलींत २६० चिन्हांची मर्यादा पडते. फोल्डरांची खोली कमी ठेवण्याचे हेही एक कारण.

तिसरी अडचण क्रमाची. केवळ युनिकोडच्या संकेतांकांप्रमाणे क्रम लावला तर 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येते, 'क्ष' हा 'क' मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज' मध्ये जातो. मराठी वर्णमालेत हे तिन्ही शेवटी येतात. आकड्यांचाही क्रम बदलतो : रोमन आकडे सर्व अक्षरांच्या आधी, तर देवनागरी आकडे देवनागरी अक्षरांच्या नंतर येतात. काही प्रणाली भाषेप्रमाणे क्रम लावतात, काही लावत नाहीत. त्यामुळे दोन संगणकांवर एकच फोल्डर वेगळ्या क्रमाने दिसू शकतो. म्हणून नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकडे लिहावेत आणि ते कोणत्या लिपीत लिहायचे हे संस्थेने एकदाच ठरवावे. सरमिसळ करू नये.

चौथी अडचण शुद्धलेखनाची. 'कवि' आणि 'कवी', 'सुची' आणि 'सूची' ही संगणकाला वेगळी नावे आहेत. फोल्डरांच्या नावांत प्रचलित शुद्धलेखन नियमच पाळावेत, म्हणजे शोध घेणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. मूळ ग्रंथाचे नाव जुन्या लेखनात असेल तर ते फाइलच्या आत जसेच्या तसे राहू द्यावे. फाइलनाम मात्र आजच्या लेखनात असावे. बेळगाव, इंदूर किंवा वडोदरा येथील संस्थांत मराठीबरोबर कन्नड, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी कागदही असतात. तेथे प्रत्येक भाषेसाठी वेगळे झाड न करता, विषयाच्या फोल्डरातच नावाच्या शेवटी भाषेचे नाव जोडणे सोयीचे पडते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील फाइली स्वतंत्र फोल्डरात केवळ वाचनीय ठेवाव्यात आणि फाइलनामात फाँटाचे नाव द्यावे. अधिकार असूनही अक्षरे लागत नसतील, तर ती फाइल उघडी असूनही बंदच आहे.

८. संरक्षण

२०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील संगणकांवर हल्ला केला. फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या, म्हणजे एस-एम-बीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा तिने फायदा घेतला. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. ही पहिली आवृत्ती बंद ठेवावी. जुना छपाईयंत्र-स्कॅनर तिच्यावाचून चालत नसेल तर स्कॅनर बदलावा.

अशा आज्ञावलीचा गटरचनेशी थेट संबंध आहे. ज्या माणसाच्या संगणकात ती शिरते, त्याला जेथे जेथे लिहिता येते तेथील फाइली ती कुलूपबंद करते. जाळ्यावरील फोल्डरही त्यातून सुटत नाहीत. ज्याला अंतिम आणि जुन्या अंकांच्या फोल्डरांवर केवळ वाचन आहे, त्याच्या संगणकातून त्या फाइलींना अपाय होत नाही. सर्वांना सर्वत्र लेखनाधिकार दिला असेल तर एका संगणकावरील एक चूक संपूर्ण दप्तर गिळू शकते.

सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे शेवटी पुन्हा सांगितले पाहिजे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक इमारतीबाहेर, असा सर्वमान्य नियम आहे. विंडोजमधील 'मागील आवृत्त्या' ही सोय चुकून पुसलेली फाइल परत आणण्यास उपयोगी पडते, पण तिच्या प्रती त्याच डिस्कवर असतील तर डिस्कबरोबर त्याही जातात. वर्षातून किमान दोनदा राखीव प्रतीतून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहावी.

९. नोंदवही

पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद लिहिणारे कारकून गेले, पण कागद उरले. कारण ते व्यक्तीच्या घरी नव्हते, दप्तरात होते. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांतील कागदपत्रांवर आज जे संशोधन होते तेही कागद दप्तरात राहिल्यामुळेच. संगणकावरील दप्तरालाही हेच तत्त्व लागू आहे. फक्त रुमालाच्या जागी फोल्डर आणि कुलपाच्या जागी गट आला.

म्हणून एक साधी, कागदी नोंदवही ठेवावी. तिच्यात अधिकारांचा तक्ता, गटांची नावे आणि अर्थ, गटात कोण कधी आले व कधी गेले याच्या तारखा आणि फाइलनामांचे नियम एवढे असावे. माणूस निवृत्त झाला की त्याच दिवशी त्याचे खाते गटांतून काढून बंद करावे. लगेच पुसू नये. त्याच्या स्वतःच्या संगणकावरील संस्थेच्या फाइली त्याच्या समक्ष सामाईक फोल्डरात आणाव्यात. प्रशासकाचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यवाहांकडे असावा. तो एकट्या तंत्रज्ञाच्या स्मरणात असू नये. दर वर्षी वार्षिकाचा अंक छापून झाल्यावर तक्ता आणि गट ताडून पाहण्यासाठी एक दिवस राखावा.

कोशाचे काम एका पिढीत पुरे होत नाही. ज्याने 'अ' च्या नोंदी लिहिल्या तो 'ज्ञ' पर्यंत असेलच असे नाही. पुढच्या माणसाला मागच्याचे काम जसेच्या तसे, योग्य जागी आणि उघडता येईल अशा रूपात मिळणे, ही संस्थेची जबाबदारी आहे. गट नीट आखलेला सामाईक फोल्डर ही जबाबदारी पार पाडण्याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत स्वस्त साधन आहे.